पूर्ण झालं, काही चुकांसह

रविवारी रात्री साडेअकराला माझा लॅपटॉप स्वतःचा बॅकअप घेतो. म्हणजे घेतो, असं मी सव्वा वर्ष समजत होतो. सोमवारी सकाळी उठलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक हिरवी टिक दिसायची. तोंडात ब्रश धरून मी तिच्याकडे बघायचो, बरं वाटायचं, आणि मग डबा घेऊन पळस्पे फाट्याकडे निघायचो.

जुलैतल्या एका सोमवारी टिकच्या जागी पिवळा त्रिकोण होता. त्यावर क्लिक केलं तर इंग्रजीत लिहिलेलं, ज्याचा अर्थ इतकाच : पूर्ण झालं, काही चुकांसह. ३१२ फाइल कॉपी झालेल्या नाहीत.

मी त्रिकोण बंद केला आणि कामावर गेलो. तुम्हीही तेच केलं असतं. ३१२ हा आकडा मोठा वाटत नाही. लॅपटॉपमध्ये लाखभर फाइल असतात, त्यातल्या बहुतेक आपण केलेल्याही नसतात. पण दुपारी जेवताना अचानक मनात आलं, की त्या ३१२ मध्ये आजी असली तर?

*

आम्ही कोनला राहतो. मुंबईहून जुन्या पुणे हायवेने आलात तर पळस्पे फाटा सोडल्यावर थोडं पुढे कोन लागतं. एकेकाळचं शेतीचं गाव. आता शेतांच्या जागी टॉवर. रात्रभर कंटेनरचे ट्रेलर जातात. पावसाळ्यात हवा स्वच्छ झाली, की कर्नाळ्याचा अंगठा दिसतो. गिरणी कामगारांसाठी इथल्या दोन हजार चारशेहून जास्त घरांची सोडत २ डिसेंबर २०१६ ला निघाली. त्यातलं एक माझ्या आजीच्या नावावर लागलं. मुळात ही १६० चौरस फुटांची, भाड्याने द्यायला म्हणून बांधलेली घरं. दोन जोडून एक केलेलं. ताबा मिळायला वर्षं गेली. मध्ये कोविड आला, आणि या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. लोक इथे राहून, बरे होऊन परत गेले, तेव्हा आम्हाला अजून चावी मिळायची होती.

आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यात तेही. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो तसाच विरत गेला. आजोबांनी नंतर वॉचमनची नोकरी केली, मग काहीच नाही, मग ते गेले.

घर मिळायला अट अशी होती, की कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे. आणि ते कागदाने सिद्ध झालं पाहिजे. तिकीट नंबर, हजेरी कार्ड, रजेचा पास, ईएसआयचं कार्ड, पगाराची पावती, पीएफचा नंबर, असलं काहीतरी. गिरण्या बंद पडल्या, पाडल्या, तिथे मॉल उभे राहिले. गिरणीचं दप्तर कुठे गेलं ते विचारायचं कुणाला? ज्याच्या घरी कागद, तो कामगार.

आजीकडे कागद होता. कारण आजी झेरॉक्सवाली होती.

लिहिता-वाचता जेमतेम येणारी ही बाई प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स काढायची. एक पेटीत, मूळ कागदाबरोबर. एक माझ्या आत्याकडे दिव्याला. एक गावी, पाटण तालुक्यात, काकांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत. आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी गुंडाळून, शेजारणीकडे. आम्ही हसायचो. २६ जुलै २००५ ला कुर्ल्याच्या खोलीत छातीएवढं पाणी शिरलं. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा आता सगळ्यांना पाठ आहे. आमच्या घरी त्याचा अर्थ असा, की पेटी दीड दिवस पाण्याखाली होती. मूळ कागदांचा लगदा झाला. शेजारणीचीही पिशवी गेली, कारण शेजारीण शेजारीच राहत होती. वाचल्या त्या दिव्याच्या आणि गावच्या झेरॉक्स. त्या दाखवून आजीने कुठून कुठून शिक्के आणले, साक्षांकित प्रती मिळवल्या, आणि काही मूळ कागदांची दुय्यम प्रतही काढून आणली.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले टीव्हीवर जळताना दिसत होते, तेव्हा आजी उठून उभी राहिली होती. ‘‘आपला अर्ज?’’ अर्ज वांद्र्याच्या कार्यालयात होता, मंत्रालयात नव्हता. हे तिला समजावल्यावर ती खाली बसली आणि म्हणाली, ‘‘त्यांनी झेरॉक्स ठिवली आसंल न्हवं?’’

कॉम्प्युटरवाले ज्याला ३-२-१ चा नियम म्हणतात, तो मी खूप नंतर वाचला. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने तो रूढ केला : प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. वाचताना मला गावची ट्रंक दिसत होती.

*

कोनच्या घरात आजी सात महिने राहिली. खिडकीत बसून ट्रेलर मोजायची. त्या काळात मी तिचे अकरा व्हिडिओ काढले. शेवटचा सर्वांत मोठा, ४६ मिनिटांचा. त्यात ती पेटी उघडून एकेक कागद बाहेर काढते आणि हा कसला, तो कुठून आणला, ते सांगते. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मी ते सगळं लॅपटॉपवर टाकलं आणि फोनवरून उडवलं. मग आजी गेली. त्यानंतर मी ते व्हिडिओ उघडले नव्हते. आहेत, एवढं माहीत असणं पुरेसं होतं.

त्या सोमवारी रात्री घरी येऊन मी बॅकअपचा लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रोग्रामची डायरी. कुठली फाइल घेतली, कुठली सोडली आणि का सोडली, हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. तो वाचायला कंटाळवाणा असतो म्हणून कुणी वाचत नाही. पण मी कंटेनरच्या गोदामात बिलिंग बघतो. ओळींचे ढीग लावणं हेच माझं काम. ३१२ ओळी एक्सेलमध्ये टाकल्या आणि कारणानुसार लावल्या. पाच ढीग झाले.

पहिला ढीग, ४१ ओळी : प्रवेश नाकारला. हे वाचून घाम फुटतो, कारण फोल्डर आपलंच आणि नकारही आपल्यालाच. पण बघितलं तर ती खरी फोल्डरं नव्हतीच. विंडोजमध्ये प्रत्येक माणसाच्या नावाचं एक यूजर फोल्डर असतं. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, शिवाय ॲपडेटा नावाचं लपवलेलं माजघर. त्याच्याच आजूबाजूला ‘ॲप्लिकेशन डेटा’, ‘माय डॉक्युमेंट्स’ अशा जुन्या एक्सपीच्या काळातल्या नावांच्या पाट्या असतात. जुने प्रोग्राम जुन्या पत्त्यावर आले, तर त्यांना नव्या पत्त्यावर पाठवायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांना जंक्शन म्हणतात, आणि आत डोकावायला मुद्दामच बंदी असते. कारण त्यातली एक पाटी स्वतः ज्या फोल्डरात आहे त्याच फोल्डरकडे बोट दाखवते. कॉपी करणारा भोळा प्रोग्राम तिच्या मागे गेला, तर आत, आणखी आत, परत आत असा फिरत राहतो. हा ढीग सोडून दिला. त्यात हरवण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसरा, ९६ ओळी : फाइल वापरात आहे. ब्राउझर उघडा, मेल उघडी, आणि ‘एनटीयूजर डॉट डॅट’ नावाची एक फाइल तर तुम्ही लॉग-इन असेपर्यंत विंडोज कुणाला हातही लावू देत नाही. तुमच्या सगळ्या सेटिंग तिच्यात असतात. चांगले प्रोग्राम यावर उपाय म्हणून आधी ड्राइव्हचा त्या क्षणाचा शॅडो कॉपी नावाचा ठसा घेतात आणि त्या ठशावरून कॉपी करतात. माझ्या फुकट प्रोग्राममध्ये ती सोय होती, मी ती चालू केलेली नव्हती. साधा उपाय म्हणजे दुसरं ॲडमिन खातं काढायचं, आपलं खातं लॉग-आउट करायचं आणि तिथून आपलं फोल्डर उचलायचं.

तिसरा ढीग, ३८ ओळी. इथे पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. आजीच्या कागदांचे स्कॅन. कारण : पत्ता फार लांब. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण पत्त्याला जुनी मर्यादा २६० अक्षरांची. आता ती वाढवता येते, पण सगळे प्रोग्राम वाढीव पत्ता मानतातच असं नाही. आणि मी कौतुकाने सगळी नावं मराठीत दिली होती. फोल्डरात फोल्डर : आजीची कागदपत्रं, गिरणी, सोडत, फायनल, फायनल नवीन, त्यात ‘रजेचा पास मागची बाजू साक्षांकित’. आपल्याला ‘पत्रं’ ही दोन अक्षरं दिसतात. कॉम्प्युटर पाच मोजतो : प, त, पाय मोडायचं चिन्ह, र, वर अनुस्वार. काना वेगळा, वेलांटी वेगळी. मराठीत नाव द्यायला जागा जास्त लागते, हे मला माहीत नव्हतं.

यावर हुशारी म्हणून मी एका जुन्या प्रोग्रामने सगळ्याची झिप केली. झिप झाली. उघडून बघितली तर नावांच्या जागी फक्त प्रश्नचिन्हं. ज्याला देवनागरी कळत नाही, तो प्रोग्राम प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो. आणि गंमत म्हणजे विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून त्या फाइल बाहेरही येईनात. शेवटी फोल्डर थेट सी ड्राइव्हवर आणलं, नावं छोटी केली, ३८ च्या ३८ गेल्या.

चौथा, १३६ ओळी : सगळे फोटो. फोटो मी क्लाउडवर ठेवले होते आणि ‘जागा वाचवा’ वर टिक केली होती. त्याचा अर्थ असा, की फोटो लॅपटॉपवर दिसतो, नाव दिसतं, आकार दिसतो, पण असतो फक्त दारावरची पाटी. क्लिक केलं की नेटवरून येतो. बॅकअपने साडेअकराला हाक मारली, नेट नव्हतं, फोटो आला नाही. नेट का नव्हतं, तर आई रात्री अकराला झोपायला जाताना राऊटरचं बटण बंद करते. रोज. वीज वाचते म्हणून. सव्वा वर्ष दर रविवारी आई आणि माझा बॅकअप यांची अर्ध्या तासाने चुकामूक होत होती.

पाचव्या ढिगात एकच ओळ होती. ‘आजी पेटी’. ५.८ जीबी. कारण : जिथे ठेवायची आहे, तिथे एवढी मोठी फाइल मावत नाही.

३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर अर्ध्याहून जास्त जागा मोकळी होती. तरी मावत नाही म्हणजे काय? तर हे पेनड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीने आखलेले येतात, आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीच्या वर जाताच येत नाही. कितीही जागा असो. तीच डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केली, की प्रश्न मिटतो. पाच मिनिटांचं काम. फक्त आधी आतलं दुसरीकडे काढून ठेवायचं.

मग मी जुने लॉग बघितले. ही ओळ पहिल्या रविवारपासून होती. प्रत्येक लॉगमध्ये. मग हिरवी टिक कशी? कारण प्रोग्राम टाकला त्या दिवशी मीच सेटिंगमध्ये टिक केली होती : चुका आल्यास वगळून पुढे जा, सूचना दाखवू नका. सारखं मध्ये मध्ये विचारत होता म्हणून. जुलैत नवी आवृत्ती आली, तिने माझी सेटिंग पुसली आणि पहिल्यांदा खरं सांगितलं.

*

ते फार उशिरा नव्हतं, पण वेळेवरही नव्हतं. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून व्हिडिओ ओढला तेव्हा हिरवी पट्टी अर्ध्यावर थांबली. लॅपटॉपमधून टिक्, टिक् आवाज आला. मग संदेश : डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक. डिस्क प्रत्येक तुकड्याबरोबर एक तपासणीचा आकडा ठेवते. वाचलेला तुकडा आणि आकडा जुळला नाही, की ती मान हलवते. थोडक्यात, डिस्क मरत होती, आणि नेमकी तिथे जिथे आजी होती.

मी नेटवर बघून रोबोकॉपी चालवलं. हे विंडोजमध्येच असतं, काळ्या खिडकीत चालतं, जंक्शन टाळायला सांगता येतं, लांब पत्ते घेतं, लॉग लिहितं. चांगलं आहे. पण काही सांगितलं नाही, तर वाचता न आलेल्या फाइलसाठी ते दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि प्रत्येक प्रयत्नानंतर ३० सेकंद थांबतं. हिशेब केला तर एका फाइलसाठी जवळजवळ ३४७ दिवस. मला ते रात्री दोनला कळलं, तोवर मरणाऱ्या डिस्कला मी अडीच तास दमवत होतो. म्हणून सांगतो : रोबोकॉपीला प्रयत्न एक आणि थांबणं एक सेकंद, हे आधी सांगा. आणि डिस्क आवाज करत असेल तर काहीच चालवू नका. बंद करा.

मी बंद केला. पनवेलला जुन्या बाजारात एक दुरुस्तीवाले दादा आहेत. त्यांनी डिस्क कानाला लावली, कलिंगड बघतात तशी. म्हणाले, ‘‘घाई करायची नाही. मिळेल तेवढं आधी घेऊ, अडेल ते नंतर.’’ डीडीरेस्क्यू नावाचा एक मोफत प्रोग्राम अगदी तसंच करतो. आधी पूर्ण डिस्कवरून सोपं सोपं उचलतो, अडलेल्या जागांचा नकाशा करून ठेवतो, मग त्या जागांकडे परत परत जातो. मध्ये वीज गेली तरी नकाशा असल्याने पुढून सुरू करता येतं. ३१ तास लागले.

त्या ३१ तासांत मी दादांच्या दुकानात दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी जरा रडकुंडीला आलेला बघून त्यांनी मला ‘टॉय स्टोरी २’ ची गोष्ट सांगितली. ती खरी आहे. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये कुणीतरी चुकून एक डिलीटची कमांड दिली आणि बनत असलेला सिनेमा सर्व्हरवरून पुसला जाऊ लागला. बॅकअप होता. उघडायला गेले तर तो बराच काळ नीट चालतच नव्हता, आणि हे कुणाला माहीत नव्हतं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. बाळंतपणामुळे त्या घरून काम करत होत्या, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती.

‘‘म्हणजे दिव्याची आत्या,’’ मी म्हणालो.

दादांना अर्थातच काही कळलं नाही.

*

अकरापैकी दहा व्हिडिओ अख्खे आले. ‘आजी पेटी’ मधले ८९ एमबी वाचता आले नाहीत. ५.८ जीबीमध्ये ८९ एमबी म्हणजे दीड टक्का. दादा खूश होते. मीही होतो.

घरी आणून आईबरोबर बघायला बसलो. तेविसाव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक. आजी पेटीतून रजेचा पास काढते, ईएसआयचं कार्ड काढते, नवऱ्याचं नाव न घेता ‘ह्यांचं’ म्हणते. मग एक फिकट गुलाबी चिठोरा काढते. गिरणीच्या कँटीनचं कुपन. वापरलेलं नाही, कोरं. पुराच्या पाण्याने एक कोपरा गेलेला, पण आहे, मूळ. ते उजेडात धरते आणि म्हणते, ‘‘आन् ह्ये म्या का ठिवलंय ठावं हाय का?’’

तिथे चित्र गोठतं. आजीच्या चेहऱ्याचे हिरवे-राखाडी चौकोन होतात. आवाज जातो. ४० सेकंद असंच. मग चित्र परत येतं तेव्हा आजी डोळ्याला पदर लावून हसते आहे, कॅमेऱ्यामागे मी हसतो आहे, आणि आतून आईचंही हसू ऐकू येतं.

आम्ही ते चार वेळा मागे घेऊन बघितलं.

‘‘काय म्हणाली होती?’’ मी विचारलं.

आई बराच वेळ आठवत बसली. ‘‘मी ओट्याशी होते. कुकर होता गॅसवर. हसलो होतो एवढं आठवतं बघ.’’

मी तर समोर होतो. फोन माझ्या हातात होता. पण मी स्क्रीनकडे, फ्रेम नीट आहे का ते बघत होतो. शिवाय रेकॉर्ड होतंयच, म्हणून लक्ष ठेवायची गरज वाटली नव्हती. आत्याला फोन केला, काकांना केला. कुपनाचं कुणालाच माहीत नाही. संपाला कुपन लागत नव्हतं. घराच्या अर्जाला ते पुरावा म्हणून चाललं नसतं. त्याची झेरॉक्स कुठेही नाही. म्हणजे आजीलाही ते सरकारी कामाचं वाटत नव्हतं. ते तिने दुसऱ्याच कशासाठी तरी ठेवलं होतं, आणि ते तिने आम्हाला सांगितलं होतं.

*

आता माझ्याकडे तीन प्रती आहेत. एक नव्या डिस्कवर, घरी. एक क्लाउडवर, ‘जागा वाचवा’ बंद करून. एक पेनड्राइव्ह गावी. गणपतीला गेलो तेव्हा घेऊन गेलो. तिथे काकांच्या मुलीच्या कॉम्प्युटरवर लावून, सगळ्या फाइल उघडून बघितल्या, स्कॅनसुद्धा. कारण कॉपी झाली हे वेगळं आणि उघडते हे वेगळं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॅकअपमधली कुठलीही एक फाइल काढून उघडतो. पाच मिनिटं लागतात. हिरव्या टिकवर माझा विश्वास नाही, पण तिच्याशी भांडणही नाही. तिला मी जे सांगितलं होतं, तेच तिने केलं.

काकांनी पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट बघितला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी गुंडाळली आणि माळ्यावरच्या ट्रंकेत झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर ठेवला. कुपन अजून कोनच्या पेटीतच आहे. त्याची मात्र मी आता झेरॉक्स काढली आहे, चार.

आणि आमच्या राऊटरच्या बटणावर आईच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे : रविवारी बंद करू नये.